तीन दिवसांचे रोजे

धाकटीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे शिवणखात्यातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. त्यामुळे सकाळी मशीनवर बसून पहिल्या शर्टाचं पहिलं काज पुरं व्हायच्या आतच तिने बातमी दिली.

"आमच्याकडे आज परत रोजा आहे. रमजान नाही की काही नाही. आपल्या मनानेच ठेवलाय त्यांनी. आज तिसरा दिवस."

"नशीबवान आहेस बाई," कॉलर लावणारी म्हणाली. "आमच्याकडे डबा पाच मिनिटं उशिरा उघडला तरी घर डोक्यावर घेतात."

सगळ्या हसल्या. धाकटीही हसली. तीन वर्षं या बायकांनी तिच्याकडे बघून फक्त चुकचुक केली होती, आता जरा हेवा केला तर काय बिघडलं? चांगल्या बातमीचा उपास तिला फार दिवस घडला होता.

तिला धाकटी म्हणत, कारण ती घरातली धाकटी सून. नवरा शाळेची व्हॅन चालवायचा. व्हॅन थोरल्या दिराची. नवरा प्रत्येक पोराच्या दारात वेगळ्या तालात हॉर्न वाजवायचा, म्हणून पोरं त्याला भोंपू म्हणत, आणि पोरांचं बघून आयाही म्हणायला लागल्या. मग कंबर धरली. डॉक्टरांनी दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांच्या. त्या पंधरा दिवसांची तीन वर्षं झाली. कंबर कधीच बरी झाली होती, गोळ्या सुटत नव्हत्या. गोळ्या व्हॅनच्या प्रथमोपचार पेटीत सापडल्या, मोज्यात सापडल्या, एकदा तर तांदळाच्या डब्यात. दारूला निदान वास असतो. गोळी खाल्लेला माणूस शेजारी बसून हसत असतो आणि आपण त्याला चहा देत असतो.

शेवटी एका सकाळी सिग्नल हिरवा झाला तरी व्हॅन हलेना. मागे अकरा पोरं. भोंपूने स्टीअरिंगवर डोकं ठेवलं होतं. पोरांना वाटलं, काका गंमत करतायत, म्हणून तीही डोकी टेकवून झोपेचं सोंग करत बसली. मागच्या रिक्षावाल्याने येऊन काच वाजवली तेव्हा कळलं. कुणाला काही झालं नाही. पण त्या दिवसापासून हिरवा दिवा लागला की धाकटी आधी शेजारच्या गाडीतल्या ड्रायव्हरचे डोळे उघडे आहेत का ते बघते.

थोरल्याने त्याच दिवशी चावी काढून घेतली. धाकटीला समोर बसवून म्हणाला, "चाळीस दिवस. चाळीस दिवस एकही गोळी नाही. आणि ते मला त्याने सांगायचं नाही. तो सांगेल आणि मी विरघळेन, सख्खा भाऊ आहे माझा. तू सांगायचंस. तू हो म्हणालीस की चावी देतो. एक शब्द जास्त विचारणार नाही."

आज चाळिसावा दिवस होता.

हे चाळीस दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. पहिल्या आठवड्यात नवरा घामाने निथळायचा, नाक गळायचं, पाय झाडायचा, पोटात काही ठरायचं नाही. ती त्याला रोज सकाळी मशिदीशेजारच्या खोलीत मौलानांकडे न्यायची. हे मौलाना पूर्वी कुरिअरची पार्सलं वाटत, त्यामुळे बोलणंही तसंच, पत्त्यावर जाऊन पडणारं. भोंपूच्या डोक्यावर हात ठेवून ते फातिहा पढत, आयतुल कुर्सी पढत, कुराणातल्या शेवटच्या सूरा पढत, आणि पाण्याच्या बाटलीत फुंकर घालून, दम करून ती त्याच्या हातात देत. पैसे घेत नसत. ताईत मागितला तर म्हणत, "मी देत नाही. ताईत बांधला की माणूस निर्धास्त होतो, आणि निर्धास्त झाला की घसरतो. सरकारी दवाखान्यातलं औषध चालू आहे ना? ते बंद करायचं नाही. गुण देणारा, शिफा देणारा अल्ला आहे, पण त्याचे रस्ते दहा असतात."

आणि पहिल्याच दिवशी, भोंपू बाहेर चपला घालत असताना, त्यांनी धाकटीला बजावलं होतं, "एक करा, त्याला शपथ घालू नका. आजारी माणूस आहे. तौबा ही त्याच्यातली आणि अल्लातली गोष्ट. मध्ये तुम्ही हात घालू नका."

धाकटीने मान हलवली आणि घरी येऊन नेमकं तेच केलं. तिने तरी काय करावं? दुधाने तोंड पोळलेली बाई ती, आणि या खेपेला तर दूध अकरा पोरांच्या अंगावर सांडता सांडता राहिलं होतं. तिने कुराण शरीफ काढलं, नवऱ्याला हात-तोंड-पाय धुऊन वजू करायला लावलं आणि त्याचा हात धरून त्यावर ठेवला. "म्हणा, अल्लाची शपथ, गोळीला हात लावणार नाही." तो म्हणाला. म्हणून होईपर्यंत तिने त्याचा हात वरून दाबून धरला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्याने पहिल्यांदा रोजा ठेवला. लागोपाठ तीन. धाकटीने विचारलं, "आज कसला?" तर तिच्याकडे नुसतं बघून म्हणाला, "ठेवावासा वाटला." धाकटीचा ऊर भरून आला. पंधरा दिवसांनी परत तीन. आणि आता हे तीन. दर वेळी तिने शेजारी सांगितलं, जावेला सांगितलं, थोरल्याच्या कानावर घातलं. माणसाला हवं तेवढंच दिसतं, हा डोळ्यांचा जुनाच आजार आहे, आणि त्यावर कुणी पाणी दम करून देत नाही.

"तीनच का गं?" शेजारच्या टेबलावरून खालाने विचारलं.

खाला म्हणजे खात्यातली सगळ्यात वयस्कर बाई. दिवसभर शर्टांचे सुटे धागे कापायची आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलींना कुराण शिकवायची. जिभेला धार कात्रीइतकीच.

"म्हणजे?"

"मागे पण तीन म्हणालीस. त्याच्या आधीही तीन. लागोपाठच?"

"हो. एकही मोडला नाही," धाकटी तोऱ्यात म्हणाली.

खालाने कात्री खाली ठेवली. स्टूल ओढून अगदी जवळ आली आणि आवाज उतरवून म्हणाली, "त्याने कसली शपथ घेतली होती का?"

धाकटीचा पाय मशीनच्या पायट्यावरून सुटला. सुई कापडात रुतून राहिली.

"शपथ मोडली की कफ्फारा द्यावा लागतो, पोरी," खाला म्हणाली. तिच्या जिभेची धार कुठे गेली होती कोण जाणे. "दहा गरिबांना जेवू घालायचं. ऐपत नसेल तर तीन रोजे, लागोपाठ. मी आपलं विचारलं. नसेलही तसं. अल्ला करो, नसेलच."

पण तसंच होतं. धाकटीला ते त्याच क्षणी कळलं, आणि हेही कळलं की आपण तीनदा गावभर जी बातमी मिठाई वाटल्यासारखी सांगत फिरलो, ती नवऱ्याच्या घसरण्याची दवंडी होती. लाज, राग, भीती, तिन्ही एकदम आली आणि कुणाला आधी वाट द्यावी हेच तिला सुचेना. तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली. काज अर्धंच राहिलं.

थोरल्याच्या अंगणात भोंपू व्हॅन धूत होता. संध्याकाळी चावी मिळणार, म्हणून बदली ड्रायव्हरची सकाळची फेरी संपल्यापासून लागला होता. सीटच्या फटीतली बिस्किटांची चुरी, पेन्सिलींची टोकं काढून त्याने एका कागदावर ठेवली होती. ओठ सुकलेले.

"रोजा कसला आहे?" धाकटीने विचारलं.

तो फडकं पिळता पिळता थांबला. "कसला म्हणजे?"

"कफ्फाऱ्याचा?"

"हो," तो म्हणाला. इतक्या सरळ म्हणाला की ती गडबडली. तिने येताना रस्ताभर भांडण जुळवलं होतं, ते सगळं पुसलं गेलं.

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत!"

"सांगितलं की. तीनदा सांगितलं." भोंपूच्या चेहऱ्यावर खरोखरच गोंधळ होता. "तोंडाने नाही जमलं. पण शपथ तूच घातली होतीस. मी तीन दिवस तुझ्या समोर उपाशी बसलो. मला वाटलं, तुला कळलं. तू बाहेर सगळ्यांना कौतुकाने सांगत होतीस, तेव्हा वाटलं, तू माझं झाकतेयस."

धाकटी व्हॅनच्या पायरीवर बसली. "किती?"

"पहिल्यांदा चार. दुसऱ्यांदा दोन. या सोमवारी एक." तो फडक्याकडे बघत बोलत होता. "दर वेळी रोजे पुरे झाले की मी परत शपथ घ्यायचो, तू शिकवलीस तशीच. मौलाना म्हणाले होते, पडलास तर उठून परत ये. मी परत यायचो. पण आधी पडायचो."

चार, दोन, एक. हिशेब म्हटला तर चांगलाच होता. तीन वर्षं मुठीने खाणारा माणूस एकीवर आला होता. ढोरासारखं काम करून एकटीने चालवलेलं घर, घरात बसून खंगत चाललेला नवरा, आणि आता जेमतेम एका गोळीचा सवाल. ही एक पुढच्या महिन्यात शून्य होणारच. हो म्हणायला काय हरकत होती? कुणाला कळणार होतं? खाला काही बोलणारी नव्हती. दुसऱ्याचा दोष, ऐब झाकावा असं तर तिला लहानपणापासून शिकवलं होतं. आणि गोळी एक असली तरी ती सोमवारी सकाळी, पोरांच्या शाळेच्या वेळी, खाल्ली होती की संध्याकाळी, हे तिने विचारलं नाही. विचारायची तिची छाती झाली नाही.

तेवढ्यात थोरला घरातून बाहेर आला. आज हातात चावी होती. जाऊही मागोमाग दारात येऊन उभी राहिली, चेहऱ्यावर हसू.

"लवकर आलीस? बरं झालं," थोरला म्हणाला. "उद्यापासून दुसरा ड्रायव्हर नको म्हणून सांगतो मग. बोल. चाळीस दिवस. एकही नाही ना?"

धाकटीने तोंड उघडलं. 'हो' तिच्या जिभेवर आलेला होता, चाळीस दिवस घोटून घोटून तयार केलेला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. व्हॅनच्या मागच्या काचेवर आतून कुणा पोराच्या बोटांचे ठसे उमटले होते, ते पुसायचे राहिले होते, आणि तो तिथेच फडकं धरून उभा होता.

"देऊ नका, भाईजान," ती म्हणाली.

जावेचं हसू मावळलं. थोरल्याने भावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने शब्द पाळला, एकही प्रश्न विचारला नाही. चावी खिशात टाकताना मात्र त्याचा हात खिशाचं तोंड शोधत दोनदा चुकला. "बरं," म्हणाला, आणि आत गेला. जाऊही गेली. दार लागलं.

अंगणात दोघंच उरली. धाकटीला वाटलं, आता हा ओरडेल. ओरडावं असंच तिला वाटत होतं, म्हणजे तिलाही ओरडता आलं असतं. पण भोंपू खाली बसला, ओल्या फरशीवरच, आणि ढसाढसा रडायला लागला. सिग्नलवरच्या त्या दिवशीही तो रडला नव्हता. ती तिथेच बसून राहिली. त्याच्या पाठीवर हात ठेवावा की नाही, हे तिला ठरवता येईना.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं.

"मला भीती वाटत होती," तो म्हणाला, "तू हो म्हणशील."

"म्हणणारच होते," धाकटी म्हणाली.