भरती होण्याइतकं आजारपण

सासूबाईंच्या पायांची सूज उतरेना आणि संध्याकाळचा बारीक ताप हटेना, तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरांनी हात टेकले. "हे माझ्या आवाक्यातलं नाही," ते जावयाला म्हणाले. "मोठ्या हॉस्पिटलातल्या मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा. आणि जरा लवकर."

जावई किल्ल्या बनवायचा. चौकात त्याचं टपरीएवढं दुकान होतं. बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आता सासू-जावयाच्या वाटा वेगळ्या होणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण म्हातारी जाणार कुठे, आणि याला तरी दुसरं कोण होतं? राहिली दोघं एकत्र. "लेक गेली, जाताना जावई माझ्या पदरात टाकून गेली," असं सासूबाई शेजारणींना सांगायच्या. तीस वर्षं त्यांनी लॉन्ड्रीत इस्त्री केली होती. एवढ्या वर्षांत एकही शर्ट जळला नाही, हा त्यांचा एकमेव तोरा.

त्यांच्याकडे सरकारी विम्याचं कार्ड होतं आणि कार्डाबरोबर डॉक्टरांची छापील यादी. मेडिसिनचे अकरा डॉक्टर. जावई हसला होता, म्हणाला होता, "आई, अकरा म्हणजे अख्खी टीम आहे."

दुसऱ्या दिवशी किल्ल्यांचं मशीन बंद ठेवून त्याने फोन लावायला घेतले. पहिल्याने कार्ड घेणं कधीच सोडलं होतं. दुसरीकडे नुसती घंटी वाजत राहिली. तिसरीकडची मुलगी म्हणाली, "कार्डवाल्यांना चार महिन्यांनंतरची तारीख आहे. लिहून घेऊ?" चौथा फोन एका वयस्कर बाईंनी उचलला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "अहो, ते वारले. वर्ष होत आलं. यादीतून नाव काढा म्हणून दोनदा सांगितलंय मी." जावयाने यादीतल्या त्या नावावर काट मारली. बाईच म्हणाल्या, "तुमच्या पेशंटला जपा हं."

नववा नंबर मोठ्या हॉस्पिटलचा होता. तिथल्या टेलिफोन ऑपरेटरने आवाज खाली आणला. "आमच्या डॉक्टर बाई ओपीडीत कार्ड घेत नाहीत. पण वॉर्डात भरती झालेला प्रत्येक पेशंट त्याच बघतात, कार्डावरसुद्धा. तुम्ही इमर्जन्सीतून आत या. माझं नाव घेऊ नका."

त्याच दुपारी त्याने टॅक्सी केली. वाटेत सासूबाईंना पढवलं, "छातीत दुखतंय म्हणा. कळ हातात जाते म्हणा. एवढंच."

"पण दुखत नाही हो."

"आई, एकदाच."

इमर्जन्सीतला डॉक्टर तरुण होता, डोळे तांबारलेले. त्याने नाडी पाहिली, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला, कागदावर आकडे लिहिले. "छातीत दुखतं का आजी?"

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, मग डॉक्टरकडे. "नाही बाळा. दम लागतो. जिन्यावर जास्त. आणि ताप असतो."

"भरती करण्याइतकं काही नाही," डॉक्टर म्हणाला. "ओपीडीत दाखवून घ्या."

परतताना जावई खिडकीबाहेर बघत राहिला. घर आल्यावर एवढंच बोलला, "तुमच्या खरेपणाचं लोणचं घालायचं का आता?" बोलला आणि लगेच जीभ चावली. सासूबाई धापा टाकत, कठडा धरून, एकेक पायरी चढून गेल्या.

त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी त्या मोरीच्या दाराशी कोसळल्या. ओठ निळसर पडले होते. या वेळी कुणी काहीच विचारलं नाही. चाकांच्या खाटेवरून थेट आत नेलं, कार्ड घेतलं, शिक्का मारला.

डॉक्टर बाई दुसऱ्या दिवशी राउंडला आल्या. चाळिशीच्या, केसांना रबर बँड, पायात जुने बूट. त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. नखं पाहिली, पापण्या ओढून पाहिल्या, छातीला नळी लावून कितीतरी वेळ डोळे मिटून ऐकत राहिल्या. ताप कधीपासून, दात कधी काढला, भूक कधी मेली, सगळं विचारलं. आजवर इतक्या निवांतपणे सासूबाईंना कोणी विचारलं नव्हतं. त्या खुलून बोलल्या, मध्येच इस्त्रीचंही सांगून झालं.

संध्याकाळपर्यंत तपासण्या झाल्या. बाईंनी जावयाला बाहेर बोलावलं. "हृदयाच्या झडपेला जंतूंनी धरलंय. औषधं शिरेतून चालू केली आहेत. झडप बरीच खराब झाली आहे, आणि ऑपरेशन सोसेल अशी त्यांची तब्येत नाही."

"आधी आणलं असतं तर?"

"आधी आणायला हवं होतं," बाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच्याच बोलण्याचा राग आल्यासारखं, "माहीत आहे मला. आणणार कुठे होतात तुम्ही!"

सासूबाईंनी अठरा दिवस काढले. शेवटी शेवटी त्यांना बोलायलाही दम पुरत नव्हता. एका दुपारी त्यांनी खुणेने जावयाला जवळ बोलावलं.

"जावईबापू, त्या दिवशी मी खोटं बोलले असते तर..."

त्याने हा प्रश्न स्वतःला रोज विचारला होता. त्यांच्या हाताची कातडी कागदासारखी झाली होती. त्यावर हात ठेवून तो म्हणाला, "काही फरक पडला नसता. मी विचारलंय डॉक्टर बाईंना. खाटच रिकामी नव्हती त्या दिवशी."

"खरं?"

"खरं. तुमची शपथ."

त्यांनी डोळे मिटले. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. तिसऱ्या दिवशी पहाटे, तो चहा आणायला खाली गेला असताना, त्या गेल्या.

हॉस्पिटलच्या कागदांवर सही करून झाल्यावर जावई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिला. डॉक्टर बाई तिथून जात होत्या, थबकल्या. शेजारी येऊन बसल्या. आतून कुणीतरी बाईंना हाक मारली, तशा त्या उठून गेल्या. त्यालाही उठायला हवं होतं. शेजारणींना कळवायचं होतं, माणसं जमवायची होती. पण तो तिथेच बसून होता.