परवानगी कार्यालयाचा तुटका टेप

मित्रांनो, मी एक जुना टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे, मोजमापाचा. माझ्या डबीवर 'पाच मीटर' असे छापले आहे. त्यातले चार मीटर नव्वद सेंटिमीटर आजही खरे आहेत.

एका कारखान्यात माझी पोलादी पट्टी पिवळी रंगवून तिच्यावर आकडे छापले गेले. तिथून मी बांधकाम परवानगीच्या कार्यालयात आलो. छपरावर सौर पॅनेल बसवायचे असतील तर आधी नुसती लोखंडी चौकट बसवायची. मग तपासनीस येऊन ती मोजणार आणि होकार मिळाला की वर पॅनेल चढवायचे, अशी तिथली पद्धत. चौकट छपरापासून वीस सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि छपराच्या कडेपासून निदान तीस सेंटिमीटर आत हवी. "कागद राहू द्या, टेप काय म्हणतो?" असे तपासनीस साहेब विचारत, तेव्हा मी डबीतल्या डबीत फुगून जाई.

एके दिवशी साहेबांनी गाडीचे दार घाईने आपटले आणि माझे पहिले दहा सेंटिमीटर रस्त्यावरच राहिले. नव्या टेपसाठी अर्ज झाला. त्यात एक रकाना होता : 'जुन्या टेपची उरलेली लांबी मोजून लिहावी.' मोजणार कशाने? कार्यालयात टेप एकच, तो म्हणजे मी. अर्ज चार वर्षे त्या रकान्यापाशी अडून बसला.

साहेबांनी तोड काढली. प्रत्येक माप घेतले की ते मोठ्याने म्हणत, "उणे दहा!" विज्ञानात अशा चुकीला शून्यत्रुटी म्हणतात. ती माहीत असली तर निरुपद्रवी असते. साहेब निवृत्त झाले, तेव्हा निरोपाची भाषणे दोन तास चालली. सगळे सांगून झाले, 'उणे दहा' तेवढे राहिले.

त्यांच्या जागी मॅडम आल्या. नियम तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखे. दोन महिन्यांत त्यांनी सात घरांच्या चौकटी 'जास्त उंच' म्हणून नाकारल्या. मी काय करणार? मला आकडा दाखवता येतो, वजाबाकी करता येत नाही.

आठवे घर एका मावशींचे होते. त्या यंत्रात अंडी उबवून कोंबडीची पिल्ले विकत. दुपारची वीज जाऊन त्यांच्या दोन खेपा गारठून वाया गेल्या होत्या. आता तिसऱ्या खेपेची एकशे वीस अंडी यंत्रात होती, अठरावा दिवस होता, आणि त्याच सकाळपासून वीज पुन्हा जाऊ लागली होती. मावशींनी यंत्राला ब्लँकेट असे गुंडाळले होते, जणू त्यालाच हुडहुडी भरली आहे. पॅनेल आणि बॅटरी दारात तयार होती. परवानगी नाकारली की नवा अर्ज, म्हणजे आणखी एक महिना.

"सत्तावीस," छपरावरून मॅडम म्हणाल्या. "सात सेंटिमीटर जास्त. नामंजूर."

"मग पिल्लांना सांगू का, महिनाभर आतच बसा म्हणून?"

"मावशी, नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

"हातात टेप आहे की!" खालून मावशींचे सासरे गरजले. ते निवृत्त सुतार. "फिटरला मापं मी दिलीत. सतरा म्हणजे सतरा! चाळीस वर्षं दारं बसवली, एक अडकलं नाही."

"मामंजी, तुम्ही शिडी चढू नका!"

तोवर मामंजी वर पोचले होते. त्यांनी माझे टोक हातात घेतले, चष्मा कपाळावर सारला आणि खो खो हसू लागले.

"मॅडम, तुमच्याकडे मोजायला अकरापासून सुरुवात करतात का हो?"

मॅडमनी पाहिले. त्यांचा चेहरा माझ्या पट्टीपेक्षा पिवळा पडला. कागदावरचे सत्तावीस खोडून त्यांनी सतरा लिहिले आणि सही केली. शाई वाळायच्या आत फिटर पॅनेल घेऊन शिडीवर हजर!

मॅडम मात्र तिथेच बसून राहिल्या. "म्हणजे ती सात घरं... आणि कडेपासूनचं अंतर? ज्यांना मी 'हो' म्हटलं, त्यांच्यातल्या काही चौकटी कडेला फार जवळ असतील."

"असतील की," मामंजी म्हणाले. "आता चपला झिजवा. पण आधी चहा घ्या."

तिसऱ्या दिवशी एकशे सहा पिल्ले निघाली. मी ती पाहू शकलो नाही, कारण मी मॅडमबरोबर दारोदार हिंडत होतो. पहिल्याच दारात एका आजोबांनी टोमणा मारला, "का हो, आमची चौकट रात्रीतून अजून वाढली वाटतं?"

"नाही आजोबा," मॅडम म्हणाल्या, "माझा टेप तुटका होता. मी बघितलं नाही."

मित्रांनो, वस्तू जुन्या होतात, तुटतातही. त्याचे फार वाईट वाटून घेऊ नका. फक्त एखादी वस्तू पुढच्या माणसाच्या हाती देताना ती कुठे मोडली आहे, तेही सांगा. तेवढे केलेत, तर आमच्यासारख्या तुटक्यांनाही खरे बोलता येते.