तो ‘चालेल’ म्हणाला तेव्हा मी डबीत होतो

मी कानातलं मशीन बोलतोय. ऐकू येण्याचं मशीन, कानामागे अडकवतात ते, शेंगेच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. माझं काम ऐकण्याचं आहे, बोलण्याचं नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण किती दिवस मूग गिळून बसायचं? आज मी बोलणार आहे आणि गोड बोलणार नाही.

जन्माचं फार सांगत बसत नाही. एका पांढऱ्या खोलीत तोंडाला फडकं बांधलेल्या बायकांनी मला भिंगाखाली जोडलं. पोटात एक इवलासा माइक, एक इवलासा स्पीकर आणि पाठीला बॅटरीचं छोटं दार. पुढे एका दुकानात माझ्या मालकाच्या डाव्या कानात मऊ लगदा भरून साचा घेतला, त्यावरून माझं टोक बनवलं आणि आमची गाठ पडली. मालक हा शब्द मी एकदाच वापरला. यापुढे त्याला फोरमनच म्हणेन आणि अहोजाहो तर अजिबात करणार नाही.

फोरमन छत्तीस वर्षं खिळ्यांच्या कारखान्यात होता. एका बाजूने तारेचं भेंडोळं आत जायचं, दुसऱ्या बाजूने खिळे पडायचे आणि प्रत्येक खिळ्यामागे घणाचा एक ठोका. अशी चाळीस मशिनं एका छपराखाली. उजवा कान पार गेला, डावा पाव उरला. त्या गदारोळात कुणाचंच कुणाला ऐकू येत नसे, म्हणून तिथे एक रीत होती. समोरचा काहीही बोलला की मान डोलवायची, ‘चालेल’ म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं. खरंच महत्त्वाचं असेल तर तो बाही ओढेल. कारखाना त्या रीतीने छान चालला. घोटाळा एवढाच झाला की फोरमन ती रीत घरी घेऊन आला.

घरी त्याची बायको. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. मी त्यांना बाई म्हणतो. मला पहिल्यांदा कानात बसवलं तेव्हा त्या समोर उभ्या राहून म्हणाल्या, “येतंय का ऐकू?” आवाज असा स्वच्छ की मला काही करावंच लागलं नाही, आहे तसा आत सोडला. फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी नाकारत नाही. पहिला आठवडा तर तो त्यांच्या मागे मागे फिरत होता आणि बाई कांदा चिरता चिरता जगभरचं बोलत होत्या.

मग त्याला बॅटरीचा शोध लागला. माझी बॅटरी दहा दिवस चालते. दार उघडं ठेवून, म्हणजे मला बंद करून, डबीत निजवलं तर महिनाभर पुरते. झालं, फोरमनने काटकसर सुरू केली. शेजारी आले, घाल मशीन. बातम्या लागल्या, घाल मशीन. नळ दुरुस्त करणारा आला तरी मी कानात. दाराची घंटा त्याला ऐकू येत नसे, म्हणून बाई खांद्याला हात लावून सांगायच्या की कुणीतरी आलंय, आणि तो मला घालायचा. पाहुण्याची पाठ वळली की मी परत डबीत. “आता काय, आपण दोघंच तर आहोत,” असं तो म्हणायचा, रोज, हसून. नळवाल्याचं ऐकायला बॅटरी आहे आणि बायकोचं ऐकायला नाही, हे ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बाई मात्र काही बोलायच्या नाहीत. बोलून उपयोग काय होता म्हणा.

या वर्षी लेकीने दोघांना सुट्टीवर पाठवलं. तिला वाटत होतं की ही कल्पना तिची. खरं म्हणजे ती बाईंची होती, त्यांनीच लेकीच्या गळी उतरवली होती. नऊ दिवस, दोन शहरं, मधे रेल्वेचा प्रवास. निघताना लेकीने फोनवर बजावलं, “बाबा, पूर्ण सुट्टीत मशीन काढायचं नाही.” फोरमनने शब्द दिला. मीही मूर्खासारखा खूश झालो.

पहिल्या शहरात चार दिवस मी खरोखर कानात होतो. पूल पाहिले, संग्रहालय पाहिलं, नदीत नावेतून फिरलो. त्या चार दिवसांत मला एक गोष्ट नीट कळली. बाईंचा आवाज बिघडला होता. चार महिन्यांपासून त्यात एक खरखर शिरली होती, ती आता वाढली होती. वाक्य संपता संपता आवाज फाटायचा. मी ते जसंच्या तसं फोरमनच्या कानात घालत होतो. तो म्हणाला, “पाणी पी.” रोज तीनदा बाई म्हणायच्या, “अहो, मला जरा बोलायचंय.” आणि रोज तीनदा ह्याला कुठल्या तरी घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो काढायचा असायचा.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही दुसऱ्या शहराच्या गाडीत बसलो. सहा तासांचा प्रवास. फोरमनने लहान मुलासारखी खिडकी पकडली. म्हणजे डावा कान, मी ज्यात बसतो तो, खिडकीकडे, आणि बाई त्याच्या उजवीकडे, मेलेल्या कानाच्या बाजूला. बसताना बाईंनी विचारलं, “मशीन आहे ना?” त्याने मान वळवून मला दाखवलं. बाई निश्चिंत झाल्या.

समोर एक पाण्याचे पंप विकणारा गृहस्थ बसला होता. तो दोन तास पंपांवर बोलला. उभे पंप, आडवे पंप, विहिरीत सोडायचे पंप. फोरमन पुढे वाकून एक एक शब्द टिपत होता, मधे शंकाही विचारत होता. आमच्या घरी ना विहीर, ना बागेत टाकी. बाई शेजारी हातातला रुमाल चार पदरी घडी करत होत्या, उलगडत होत्या, परत घडी करत होत्या.

पंपवाला एका स्टेशनावर उतरला. समोरचं बाक रिकामं झालं. बाई चहाचे पेले धुऊन आणते म्हणून उठल्या. आणि या माणसाने, लेकीला शब्द दिलेल्या या माणसाने, इकडे तिकडे बघून मला कानातून काढलं, डबीत टाकलं आणि डबी शर्टाच्या खिशात. गडबडीत बॅटरीचं दार उघडायचं राहिलं. म्हणून मी जागा होतो. म्हणून मी हे सगळं ऐकलं, आणि ऐकणारा तिथे मी एकटाच होतो.

बाई परत आल्या. बसल्या. डावा कान त्यांना दिसतच नव्हता. त्या म्हणाल्या, “अहो, आता ऐका. मधे बोलू नका, नाहीतर मला सांगता यायचं नाही.”

तो कुठला मधे बोलतोय. बाहेर शेतं पळत होती आणि तो ती बघत होता. बाईंचे ओठ हलताहेत एवढं त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं, आणि मान आपोआप डोलत होती.

बाईंनी सांगितलं की त्या एकट्याच डॉक्टरकडे जाऊन आल्यात. घशात, आवाज निघतो तिथेच गाठ आहे. चांगली नाही. घरी परतलं की मंगळवारी ऑपरेशन. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, आवाज वाचेल असं म्हणत नाहीत. सुट्टीचा घाट त्यासाठीच घातला, म्हणाल्या. घरात तुम्ही सापडणं कठीण, इथे तरी मशीन कानात राहील.

एकदा तोंड उघडल्यावर त्या थांबल्या नाहीत. पाऊण तास बोलल्या. तुम्ही कारखान्यातून ट्रंक कॉल लावायचात, आठवतं का, म्हणाल्या. मागे ती सगळी मशिनं धडधडायची आणि तुम्ही ओरडून सांगायचात की ‘ऑपरेटरबाई, एवढ्या आवाजात मला फक्त तुमचा आवाज ऐकू येतो.’ मी त्यावर भाळले, दुसरं काही पाहिलंच नाही. एकतीस वर्षं मी लोकांची बोलणी जोडून दिली, घरी आले की माझी मात्र लाइन लागायची नाही. राग यायचा, मग सवय झाली, मग सवयीचाही राग यायला लागला. आणखीही खूप होतं. लेकीच्या जन्माचं होतं. एका संध्याकाळी त्या बॅग भरून दारापर्यंत गेल्या होत्या आणि परत फिरल्या होत्या, ते होतं. का परत फिरल्या, तेही होतं. ते मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते तुमच्यासाठी नव्हतं.

शेवटी त्या त्याच्याकडे वळल्या आणि हळू आवाजात विचारलं, “माझा आवाज गेला तर चालेल ना तुम्हाला?”

फोरमनने मान डोलवली. “चालेल की,” म्हणाला. “त्यात विचारायचं काय.”

बाईंचा श्वास थांबलेला मी ऐकला. मग तो सुटला. मग रुमालाची घडी घातल्याचा आवाज आला.

मी पेटलो. आमच्या जातीला ओरडता येत नाही, पण बंद डबीत चालू राहिलं तर आमची शिट्टी वाजते. आमचाच आवाज आमच्याच माइकमध्ये शिरतो आणि कर्कश किंकाळी निघते. लोक त्याला बिघाड म्हणतात. म्हणोत. मी त्या दिवशी जीव खाऊन वाजलो. एवढी बारीक शिट्टी फोरमनला ऐकू येणं शक्यच नव्हतं. पलीकडच्या बाकावरचं पोर दचकलं, त्याच्या आईने मोबाइल काढून पाहिला. बाईंनी मान वर केली, कान दिला आणि हात सरळ त्याच्या शर्टाच्या खिशात घातला.

डबी उघडली. त्यांनी मला पाहिलं. वाटलं, आता ह्या मला खिडकीतून भिरकावणार. भिरकावलं असतं तरी मी वाईट वाटून घेतलं नसतं. पण त्यांनी त्याच्या अंगावरून हात लांब केला आणि मला डाव्या कानात नीट बसवलं, पोराला टोपी घालावी तसं.

फोरमन दचकला. झटकन सावरून बसला, समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. “कोण आलंय?” त्याने विचारलं.

“मी,” बाई म्हणाल्या.

“तू तर इथेच होतीस.”

“हो. सकाळपासून.”

मग त्यांनी त्याला सांगितलं. पाऊण तासाचं नाही. दोन वाक्यांत. मंगळवारी घशाचं ऑपरेशन आहे, आवाज बहुतेक जाईल. फोरमनच्या कानाखालची नस उडायला लागली, ती माझ्या टोकाला लागत होती. आणि त्याने काय विचारावं?

“मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं. तुम्ही चालेल म्हणालात.”

त्यानंतर त्याने मला कानातून काढलं नाही. दुसऱ्या शहरातले चारही दिवस तो बाईंच्या डाव्या-उजव्या बाजूने घोटाळत होता. गाडीत आणखी काय बोललीस, पुन्हा सांग ना, असं दर दहा पावलांवर. बाई भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या भांडल्याही नाहीत. इकडून वळा म्हणायच्या, चहा गार होतोय म्हणायच्या. एकदाच म्हणाल्या की ते बोलणं एकदाच जमण्यासारखं होतं, चार महिने मनात जुळवलं होतं, आता पुन्हा नाही जमणार.

मंगळवारी सकाळी दवाखान्यात तो खाटेशेजारी स्टुलावर बसला. नवी बॅटरी घातली होती. डावा कान पुढे करून म्हणाला, “बोल. काहीही बोल. मी ऐकतोय.” बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही, हेच मला सहन होत नाही. तेवढ्यात सिस्टर त्यांना न्यायला आली. बाई तिला म्हणाल्या, “खिडकी जरा उघडाल का? ह्यांना घाम फुटलाय.” सिस्टरने खिडकी उघडली आणि खाट घेऊन गेली. त्या आवाजातलं ते शेवटचं वाक्य. त्याच्या काळजीचं होतं, पण त्याच्याशी नव्हतं.

आता बाई बऱ्या आहेत. जेवतात, फिरतात, लेकीला फोनवर टाळ्या वाजवून हो-नाही कळवतात. बोलतात तेव्हा ओठ हलतात आणि नुसती हवा येते. मी जे आहे ते मोठं करतो, जे नाही ते कुठून आणू? फोरमन मला आंघोळीपुरतंच काढतो. दिवसभर माझ्यातून पंखा ऐकतो, फ्रिज ऐकतो, बाईंच्या चपला ऐकतो. परवा त्याने त्यांच्यापुढे वही ठेवली आणि म्हणाला, त्या दिवशीचं लिहून दे. बाईंनी पेन घेतलं आणि ‘दूध आणा’ असं लिहिलं. तो दूध आणायला गेला. बॅगेची गोष्ट, दारातून परत फिरल्याची गोष्ट, सगळी त्याच्या कानामागेच, माझ्या पोटात बसलेली आहे, आणि मला ती त्याला सांगता येत नाही. तो रडतो तेव्हा मला त्याची दया येत नाही. यायला हवी, पण येत नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे. मला इथून काढा. टोक बदललं की मी कुणाच्याही कानात बसतो. ज्याच्या घरात अजून कुणी बोलतंय अशा माणसाला मला द्या. देण्याआधी त्याला एवढंच विचारा की काल बायको तुमच्याशी काय बोलली. त्याला आठवावं लागलं, तर देऊ नका.