शब्बातचं घड्याळ असलेला बोर्ड

"नवस बोलताना काय अटी घालायच्या त्या घालून घे, बाय. फेडताना घासाघीस करायची नाही. तो काय अलिबागचा बाजार आहे?"

आईचा आवाज इतका स्पष्ट कानात आला, की रिव्काने काउंटरवर टेकलेला हात मागे घेतला. आईला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, आणि हे इस्रायलमधल्या बेर्शेबाच्या बस स्टँडजवळचं कॉम्प्युटरचं दुकान होतं.

समोर दोन खोकी होती. एकावरचा नंबर तिच्या हातातल्या चिठ्ठीशी तंतोतंत जुळत होता. दुसऱ्यावरचा जुळत नव्हता.

"पुन्हा एकदा सांगा, गवेरेत," विक्रेता हिब्रूत म्हणाला; गवेरेत म्हणजे बाई. चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला माणूस. "तुम्हाला मदरबोर्ड हवाय. आणि त्याला शब्बातचं घड्याळ?"

"हो. घरातल्या दिव्यांना लावतो तसं. शुक्रवारी संध्याकाळी आपोआप बंद व्हायचं. शनिवारी तीन तारे दिसले की चालू."

"तीन तारे." तो शेजारच्या काउंटरवरच्या माणसाकडे वळला. "ऐकलंस? बोर्डाला तारे कोण दाखवणार, तू की मी?"

दोघेही हसले. रिव्का हसली नाही. सोमवार होता, तिचा उपासाचा दिवस. तोंड कोरडं पडलं होतं आणि पिशवीचा बंद बोटांना रुतत होता.

"ह्याच्यात अलार्म आहे," त्याने न जुळणाऱ्या खोक्यावर टिचकी मारली. "ठरवलेल्या वेळी आपणहून सुरू होतो. चिठ्ठीतल्यात ते नाही."

"आणि बंद?"

"बंदचंही काहीतरी करता येतं. मुलगा करेल."

"हा त्याच्यापेक्षा कमी प्रतीचा नाही ना?"

"कमी? गवेरेत, हा नवा आहे. गेम खेळायला ह्याच्या तोडीचा दुसरा नाही."

रिव्काने चिठ्ठीची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि दुसरं खोकं उचललं.

'ब्ली नेदेर', म्हणजे 'हा नवस नव्हे', हे शब्द तिच्या जिभेवर कायम असायचे. उद्या येते, ब्ली नेदेर. लोणचं पाठवते, ब्ली नेदेर. बोललेला शब्द माणसाला बांधून टाकतो, म्हणून ती प्रत्येक साध्या बोलण्यालाही ही गाठ सैल करून ठेवायची. फक्त एकदाच तिने ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. तिचा मुलगा एलाद सैन्यात होता, आठ दिवस त्याचा फोन नव्हता. तिने पोहे भिजवले, गूळखोबरं घातलं, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावाने मलिद्याचं ताट मांडलं आणि त्यापुढे बसून मोठ्याने म्हणाली, "एलाद धड परत आला, तर तो पहिल्यांदा जे मागेल ते मी माझ्या हाताने आणून देईन."

एलाद धड परत आला. फेब्रुवारीपासून ती विचारत राहिली, काय हवं रे तुला? तो म्हणायचा, "कलूम." काही नाही. जेवणाच्या ताटावरही तेवढंच बोलायचा. प्रार्थनेला जाणं त्याने सोडलं. शब्बातला दुपारी उठून कुठेतरी निघून जायचा, आणि हाइम, त्याचा बाप, खिडकीशी उभा राहून त्याच्या पाठीकडे बघत राहायचा. मग ऑक्टोबरात एक दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर चिठ्ठी दिसली. गेमिंग कॉम्प्युटरचे बाकीचे भाग एका मित्राने दिलेत, बोर्ड तेवढा हवाय.

मागून मागून त्याने हे मागितलं. शब्बातला, काम आणि यंत्रं वर्ज्य असलेल्या विसाव्याच्या दिवशी, ज्याला हातही लावू नये अशी वस्तू तिने स्वतःच्या हाताने घरात आणायची होती.

घरी एलादने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, बोर्ड त्यावर ठेवला आणि प्रोसेसर दोन बोटांत धरून खाली टेकवला. तो खाचेत बसला नाही. त्याने तो उचलून उलटा केला, पिना बघितल्या, बोर्डावरची भोकं बघितली. दाबला नाही. दाबला असता तर पिना वाकल्या असत्या, एवढं रिव्कालाही कळत होतं.

"बसत नाही का?"

"हा दुसऱ्या जातीचा आहे." मग वर न बघता, "लो नोरा, इमा."

काही बिघडलं नाही, आई. त्याने बोर्ड चंदेरी पिशवीत घातला, पिशवी खोक्यात, आणि खोक्याच्या झाकणाचे कान एकेक करून आत खोचले. तो ओरडला असता, चिठ्ठीत लिहिलं होतं ना म्हणाला असता, तर तिला बरं वाटलं असतं. त्याने फक्त दार लोटून घेतलं.

स्वयंपाकघरात हाइम नाकातून हुंकारला.

"बघ. वरूनच इशारा आलाय. ते मशीन ह्या घरात यायचं नाही."

"वरून नाही आला. मी चुकीचं आणलं."

"तू कशाला चुकशील? सुईत दोरा ओवताना तीनदा बघतेस."

रिव्का घासलेलं पातेलं पुन्हा घासायला लागली.

"मी आपल्या प्रार्थनाघरातल्या अव्राहाम हज्जानशी बोललो," हाइमचा आवाज मऊ झाला. "शुक्रवारी सकाळची प्रार्थना झाली की तिघांना घेऊन येतो. नवस सोडवून घे. शास्त्रातच आहे. तू एवढंच म्हणायचं, बोलले त्याचा मला पश्चात्ताप होतो. ते तीनदा म्हणतील, सुटलं. दहा मिनिटांचं काम."

"अहो, मुलगा परत आलाय."

"मग? तेच तर म्हणतोय. आला ना? आता कशाला गळ्यात धोंड?"

तिने पातेलं ओट्यावर आपटून पालथं घातलं.

गुरुवारी ती खोकं घेऊन पुन्हा त्या दुकानात गेली. पुन्हा उपास. चष्मेवाल्याने झाकण उघडलं आणि लगेच मिटलं.

"पिशवी फोडलीत. आता परत घेता येत नाही."

"मग ते चिठ्ठीतलं तरी द्या. मी निराळे पैसे देते."

"ते काल गेलं. माउस दाखवू? दिवे लागतात त्याला."

पुढच्या दुकानात सांगितलं, हा बोर्ड आता येत नाही. त्याच्या पुढच्या दुकानात एका बाईने फोनवर बोलता बोलता नुसती मान हलवली. रिव्का ऊन चुकवत जुन्या गावाकडे चालत राहिली. खोक्याचा कोपरा दर पावलाला मांडीवर आपटत होता. दाविदाची स्तोत्रं ती रोज चालता चालता मनात म्हणायची. आज चौथ्यांदा त्याच ओळीवर येऊन अडली: स्वतःचं नुकसान झालं तरी जो आपली शपथ बदलत नाही.

जुन्या गावातलं झेएवचं कॉम्प्युटरचं दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. तो युक्रेनमधून आलेला, तिकडे कॉलेजात शिकवायचा. भिंतीवर त्याचा विद्यार्थ्यांबरोबरचा फोटो होता. त्याने तिला स्टूल दिलं, चहा विचारला.

"नको. आज उपास आहे."

"आज? कसला?"

"गुरुवारचा."

त्याला ते कळलं नसावं. पण त्याने स्वतःचा चहाचा पेला उचलला आणि मॉनिटरच्या मागे, तिला दिसणार नाही असा ठेवला. मग चिठ्ठी दिव्याखाली धरली.

"तुमचा मुलगा गेम खेळतो?"

"तसं म्हणतो."

"विचित्र आहे. गेमवाले येतात ते वेग मागतात. ग्राफिक्स, ग्राफिक्स, डोकं खातात. ह्याने ग्राफिक्सखाली एक रेघ मारलीय. नेटवर्क बोर्डावरच हवं, खाली दोन रेघा. साउंड बोर्डावरच हवं, दोन रेघा. आणि हे बघा, कोपऱ्यात, माइक चालला पाहिजे. तीन रेघा. कागद फाटायचा राहिलाय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे खेळ निमित्ताला. हा कोणाशी तरी बोलतो, गवेरेत. कानाला हेडफोन लावून, टेलिफोनवर बोलतात तसं. भरपूर बोलत असणार."

"तो बोलत नाही," रिव्का म्हणाली. "फेब्रुवारीपासून घरात बोलत नाही."

झेएवने चिठ्ठी हळूच काउंटरवर ठेवली, जणू तिला काही होईल.

"उद्या तेल अविवहून माल येतोय. एक ठेवतो तुमच्यासाठी. उद्या शुक्रवार, एकला बंद. नंतर थेट रविवारी." पेन उचलत त्याने विचारलं, "आणखी काही हवं त्याच्यात?"

शब्बातचं घड्याळ ओठांशी आलं. रिव्काने ओठ मिटले.

"नाही. त्याने लिहिलंय तेवढंच."

एलाद भिंतीकडे तोंड करून पडला होता. ती पलंगाच्या कडेवर टेकली.

"कोणाशी बोलतोस रे?"

ती मराठीतच बोलायची आणि तो हिब्रूत उत्तर द्यायचा.

"शाहारशी."

शाहार तिला माहीत होता. येरुहाम गावचा, एलादच्याच तुकडीतला. परेडच्या दिवशी त्याने तिच्या डब्यातल्या सगळ्या पुऱ्या फस्त केल्या होत्या. आता त्याच्या पायांवर आणखी तीन ऑपरेशनं व्हायची होती.

एलाद उठून बसला.

"बाकीचे दिवस निघतात, इमा. नर्स येते, लोक येतात, मी बसने जातो. पण शुक्रवारी दुपारी बस बंद झाली की शनिवारी रात्रीपर्यंत तो आणि ते छत. मी इथल्या एका कॅफेतून त्याच्याशी खेळायचो. तो शिव्या देतो, मी देतो, मधेच तो इतर काही काही बोलतो. गेल्या महिन्यात कॅफे बंद पडलं. मागचे चार शब्बात..." त्याने वाक्य सोडून दिलं. "त्याला म्हटलंय, ह्या शब्बातला येतो."

फेब्रुवारीपासून एवढं तो एकदम बोलला नव्हता. रिव्काने श्वाससुद्धा जपून घेतला.

"अब्बाला त्रास होईल," तो म्हणाला. "तुलाही होईल."

"होईल," ती म्हणाली. मग त्याच्या पायावरची चादर उगाचच नीट केली आणि उठली.

शुक्रवारी अकरा वाजता दिवाणखान्यात तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या. अव्राहाम हज्जान मधे, एका बाजूला प्रार्थनाघरातला त्स्वी, दुसऱ्या बाजूला खालच्या मजल्यावरचे जॉशुआमामा. हाइम दाराशी उभा होता. पहाटेपासून स्वयंपाकघरात नारळाच्या रसातली मच्छी शिजून तयार होती, भात दमावर होता. रिव्काने चहा आणला.

"बस, रिव्काबाई," हज्जान मायेने म्हणाले. "काय बोलली होतीस ते सांग, आणि पश्चात्ताप होतो म्हण. बाकी आम्ही बघतो."

"आमच्या घरी रोज होतो," जॉशुआमामा म्हणाले. "पस्तीस वर्षं झाली. तिला सोडवायला कोणी तिघं येत नाहीत."

त्स्वी खो खो हसला. हाइमही हसला. खूप दिवसांनी हसला, आणि रिव्काला त्याची दया आली. तिने पहिला कप हज्जानांना दिला, दुसरा, तिसरा. चौथा हाइमच्या हातात ठेवला.

"काय बोलले ते आठवतंय," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की त्स्वीला पुढे वाकावं लागलं. "पश्चात्ताप नाही होत."

"रिव्का," हाइम म्हणाला.

"घ्या, चहा निवतोय."

कपाटाच्या कडीवरचा रुमाल तिने डोक्याला बांधला. पर्स उघडून चिठ्ठी आहे ना ते पाहिलं. मागे बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. दाराच्या चौकटीवरच्या मझुझाला, पवित्र वचनांच्या डबीला, बोटं लावून तिने ओठांना लावली आणि जिना उतरायला लागली.

खाली बस नुकतीच निघून जात होती. रिव्का धावली नाही. रुमालाची गाठ घट्ट केली आणि जुन्या गावाच्या दिशेने चालू लागली.