कचेरीच्या दारातला उतार

मी एक लोखंडी उतार बोलतोय. हल्ली लोक मला रॅम्प म्हणतात. इंदूरच्या एका जुन्या सरकारी कचेरीच्या पायऱ्यांवर मी तिरका पडून आहे आणि अंगभर पानाच्या पिचकाऱ्या आहेत. माणसांबद्दल चांगलं बोलावं असं मला फारसं वाटत नाही. एका बाईसाठी मात्र बोलतो.

मी मुळात उतार नव्हतो. परदेशीपुऱ्याजवळच्या एका कापड मिलच्या गोदामात मी जाडजूड पत्रा होतो. माझ्यावरून कापडाच्या गाठी ढकलत ट्रकमध्ये चढवायचे. काम जड होतं, पण स्वच्छ होतं. मग मिल बंद पडली. यंत्रं भंगारात गेली, त्यांच्या मागोमाग मीही. तिथून मला गोपीनाथरावांनी घरी आणलं. ते त्याच गोदामात कारकून होते आणि मिलबरोबर त्यांचंही काम सुटलं होतं.

त्यांच्या अंगणात पडल्या पडल्या मला सगळं समजलं. त्यांची मुलगी पूर्णिमा. पोलिओनं लहानपणीच पाय गेलेले, हातानं चालवायच्या तीनचाकीवर फिरायची. अपंगांच्या कोट्यातून कचेरीत टायपिस्ट लागली होती आणि आता घर तिच्याच पगारावर चाललं होतं. पण कचेरी पायऱ्यांवर होती. रोज दोन चपरासी तिला उचलून वर न्यायचे. एकाचे हात काखेत, दुसऱ्याचे गुडघ्यांखाली. ते हात जिथे असायला हवेत तिथे राहत नसत. वर बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, मोहनजी कौतुकानं म्हणायचे, अशा सेवेनं पुण्य लागतं. पूर्णिमा पदर सावरून हसायची, कारण नोकरी टिकवायची होती. घरी आली की अंग लाल होईपर्यंत घासून धुवायची. शेवटी एकदा ती आईजवळ, यमुनाबाईंजवळ, बोलली. त्याच आठवड्यात गोपीनाथराव भंगारवाल्याकडे गेले होते.

त्यांनी माझ्या कडांना पट्ट्या लावून घेतल्या आणि हातगाडीवरून मला कचेरीत आणून पायऱ्यांवर टेकवलं. पूर्णिमा पहिल्यांदा माझ्यावरून एकटी वर गेली. दारात पोचल्यावर तिनं मागे वळून बापाकडे पाहिलं, एवढंच.

चपराशांना ते रुचलं नाही. आधी माझ्यावर स्कूटर लागायला लागल्या. कोणी हटकलं तर इंदुरी थाटात उत्तर यायचं, "अरे भिया, पाच मिनिट की तो बात है." मग साहेबांची गाडी पोर्चमध्ये नीट लागत नाही, असं निघालं. एका सकाळी मला ओढत मागे नेलं आणि पेशाबघरासमोरच्या उघड्या गटारावर टाकलं. शिकलेसवरलेले लोक दिवसभर माझ्यावरून ये-जा करत आणि जाता जाता थुंकत. कापडाच्या गाठींचं ओझं मी हौसेनं वाहिलं होतं. या बुटांची मला किळस यायची.

आणि पुढच्या पायऱ्यांवर पूर्णिमा पुन्हा त्याच हातांमध्ये. तिनं तक्रार केली तर मोहनजी म्हणाले, "पूर्णिमाजी, आप भी ना. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात? आपलेच लोक आहेत."

मग दिल्लीत अपंगांसाठी कायदा झाला. त्यानंतरच्या विकलांग दिवसाला भोपाळहून मोठे साहेब येणार म्हटल्यावर कचेरीतल्यांना माझी आठवण झाली. मला ॲसिडनं धुतलं, हिरवा रंग फासून पुन्हा पुढच्या पायऱ्यांवर टेकवलं, झेंडूचे हार घातले, लाल फीत बांधली. साहेबांनी फीत कापली. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर तयार होता. आता पूर्णिमानं हसत वर चढायचं होतं.

तिनं हँडल सोडून हात मांडीवर ठेवले.

"साहेब, हा उतार काल संध्याकाळपर्यंत मागच्या गटारावर होता," ती शांतपणे म्हणाली. "आणि मला माणसं उचलून वर न्यायची. ते कुठे कुठे हात लावायचे, ते मी इथे सांगू का?"

मोहनजी हसल्यासारखं करून म्हणाले, "बच्ची घबरा गई है, सर."

"मी घाबरलेली नाही. आज हा इथे पक्का झाला तर मी चढेन. नाहीतर फोटो तुम्हीच काढून घ्या."

साहेबांना लाज वाटली असेल असं मला वाटत नाही. वर्तमानपत्रवाला उभा होता, म्हणून त्यांनी हुकूम सोडला. सांवेर रोडच्या कारखान्यांकडून वेल्डर आला. पायऱ्यांत सळ्या ठोकून त्यानं मला जोडलं. काम संपेपर्यंत पूर्णिमा उन्हात बसून राहिली. ठिणग्यांनी झेंडू करपले. ती वर चढली तेव्हा साहेब आणि फोटोग्राफर केव्हाच निघून गेले होते.

त्या दोघा चपराशांना कोणी काही विचारलं नाही. एकाला तर बढती मिळाली. पूर्णिमाला मात्र सगळे घमंडी म्हणू लागले. ती घमंडी बाई कित्येक वर्षं माझ्यावरून एकटी कामाला गेली.

आता कचेरी नव्या इमारतीत गेली आहे. सगळीकडे काच, प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर, आणि लिफ्टसुद्धा. पण त्या लिफ्टपर्यंत जायला संगमरवरी पायऱ्या आहेत. परवा पूर्णिमा इथे आली आणि म्हाताऱ्या चौकीदाराला, शामला, म्हणाली की तिला उचलायला तिथेही माणसं पुढे आली. तिनं नकार दिला. आता तिचं टेबल खाली पार्किंगमध्ये आहे, गाड्यांच्या धुरात. तिनं माझ्या कडेवरून हात फिरवला आणि विचारलं, "शामभिया, हा इथून निघेल का? तिकडच्या पायऱ्यांवर लावायला?"

शामनं नकारार्थी मान हलवली. लेखी परवानगी लागेल म्हणाला.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्यापैकी कोणाला ती परवानगी देता येत असेल, तर द्या. मला इथून कापा आणि तिच्याकडे न्या. येताना गॅस कटर आणा. हार आणू नका.