माझा रिकामा कप्पा

मित्रांनो, मी दवाखान्याच्या औषधखिडकीवरचा एक जुना प्रोग्राम आहे. बारा वर्षं झाली या नोकरीला. चिठ्ठीतलं औषध रुग्णाला चालणारं नसेल, तर मी पडद्यावर लाल पट्टी दाखवतो आणि कर्कश ओरडतो. औषधवाले काका म्हणायचे, "हा बोंबलतो म्हणून मला घोर नाही." ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

खरं काम मात्र माझ्या सोबत्याचं, दुसऱ्या एका छोट्या प्रोग्रामचं. रुग्णाच्या ॲलर्जीची नोंद तो शोधून आणतो. त्याच्यासाठी माझ्यात एक कप्पा आहे, प्रोग्रामर मंडळी त्याला प्रॉपर्टी म्हणतात. मी ज्या तयार सांगाड्यावर चालायचो, ते जुनं फ्रेमवर्क मला सुरू करताना आपणहून सोबत्याला त्यात आणून बसवायचं. मला कधी हाक मारावी लागली नाही.

गेल्या सोमवारी मला नव्या फ्रेमवर्कवर हलवलं. प्रोग्रामर ताईंना एकही चूक दिसली नाही. मी मजेत हिरव्या खुणा देत सुटलो.

अकरा वाजता एक शिक्षिकाबाई आल्या. हातात दिलेलं गोळ्यांचं पाकीट बघून म्हणाल्या, "अहो, या गोळीनं माझा घसा सुजतो! मागच्या खेपेला तुमचं यंत्र केवढं ओरडलं होतं. आज मूग गिळून का बसलंय?"

काकांनी पाकीट परत घेतलं आणि ताईंना हाक मारली. ताई धावत आल्या, मला उघडलं आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! कप्पा रिकामाच आहे!"

नवं फ्रेमवर्क सांगितल्याशिवाय कप्पे भरत नाही. त्यात माझ्या पोटात एक जुनी ओळ होती: सोबती नसेल तर तपासणी सोडून पुढे जा. ताईंनीच ती कधीतरी चाचणीपुरती लिहिली होती, काढायची राहून गेली. म्हणजे सकाळपासून मी काही न बघताच "ठीक आहे" म्हणत होतो! मी पार हादरलो.

ताईंनी एकतीस चिठ्ठ्या हातानं तपासल्या. आणखी एक धोक्याची निघाली, एका म्हाताऱ्या सुतारांची. काकांनी त्यांच्या घरी फोन लावला. सुनेनं उचलला.

"बाबांना गोळी दिलीत का?"

"आत्ताच हातावर ठेवलीय. पाणी आणत होते."

"देऊ नका! आधी काढून घ्या!"

पलीकडे पेला खणकन पडला. मग धापा टाकत आवाज आला, "घेतली काढून."

ताईंनी कप्पा भरायला नव्या फ्रेमवर्कला बजावलं. ती ओळही बदलली. आता सोबती नसेल तर मी कामच थांबवतो. काका रोज सकाळी मुद्दाम एक चुकीची चिठ्ठी घालून मला ओरडायला लावतात. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्यांना हलवलंत, तर आम्ही चालतोय एवढ्यावर भागवू नका, आमचे कप्पे उघडून बघा. त्या सकाळी मी एका माणसाच्या मरणालाही हिरवी खूण दिली होती.