बॉयलरच्या कपाटातले दोन कागद

बायकोचा, एनिडचा, निळा डबा आपण स्वतःच फेकून दिला, हे क्लिफर्डला कळलं ते मंगळवारी, नगरपालिकेचं पत्र वाचताना. भाड्याने दिलेल्या घराच्या गॅस तपासणीचे मागच्या दोन वर्षांचे दाखले शुक्रवारपर्यंत दाखवा, नाहीतर खटला भरू, असं त्यात होतं. दाखले त्या डब्यात होते. तपासनिसाचा नंबरही त्यातच. नोव्हेंबरात एनिड गेली आणि मार्चमध्ये त्याने तिचे कागद न बघता कचऱ्यात घातले.

दुसरी गोष्ट जास्त बोचत होती. मागच्या ऑक्टोबरात ती अंथरुणाला खिळलेली. तपासणी झाली तरी होती का? त्याने कधी विचारलंच नव्हतं. आता चुकली असेल तर बोल तिच्यावर येणार.

तो भाडेकरणीकडे, बर्नाडेटकडे गेला.

"या मालक! नळ बघायला आलात? ईस्टरपासून गळतोय."

त्याने सगळं सांगितलं.

"डबाच फेकलात? धन्य आहात!" तिने स्वयंपाकघरातलं, पाणी तापवणाऱ्या गॅसच्या बॉयलरचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला दोन कागद चिकटवलेले होते. "भाडेकरूची प्रत इथेच लावायची, नवी आली तरी जुनी काढायची नाही. तुमच्या बायकोने दम दिला होता मला."

वरच्या कागदावर तारीख मागच्या वर्षीची, नऊ ऑक्टोबर. खाली एनिडची सही, वाकडीतिकडी.

"ती इथे आली होती?"

"टॅक्सीने. डोक्याला रुमाल, धापा टाकत. तुम्ही औषधं आणायला गेला होतात म्हणे. तपासनीस म्हणाला, बाई, घरी जाऊन पडा. ही म्हणते, आधी धुराडं तपास, मग मला शिकव."

क्लिफर्ड हसला. कित्येक महिन्यांनी.

शुक्रवारी नगरपालिकेतल्या पिकर्सगिलने कागद दोनदा वाचले. "चोख आहे. त्या गल्लीत एवढे नीट दाखले कुणाचेच नव्हते."

"माझ्या बायकोचे आहेत," क्लिफर्ड इतक्या मोठ्याने म्हणाला की रांगेतले लोक वळून बघू लागले.

"लिहून घ्या, चोख!" सोबत आलेल्या बर्नाडेटने टेबलावर पिशवी आपटली.

नळ त्याने शनिवारी बदलला. दाखल्यावरून तपासनिसाचा नंबरही उतरवून घेतला. यंदाची तपासणी नऊ ऑक्टोबरच्या आत व्हायला हवी. दरवर्षी फोन एनिड करायची. यंदाचा फोन अजून करायचा राहिला आहे.